जात्यावरच्या ओव्या, यमन आणि चार तारा: सध्या काय लिहिते आहे

मंद्रपंचम | ११ जानेवारी

‘संगीत संयोजन म्हणजे नेमकं काय करतेस?’ असं व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) इतक्या जणांनी विचारलं की शेवटी धागाच काढते आहे. चाल तयार असते, गाणारी तयार असते, त्यानंतर माझं काम सुरू होतं. गाण्याआधी काय वाजेल, दोन कडव्यांच्या मध्ये काय वाजेल, गाणारी श्वास घेईल तेव्हा कोण बोलेल आणि कोण गप्प बसेल, हे सगळं कागदावर उतरवायचं आणि प्रत्येक वादकाच्या हातात त्याचा त्याचा कागद द्यायचा. मी चालीही करते, पण घर चालतं ते संयोजनावर.

हातात दोन-तीन कामं आहेत. त्यातलं ज्याने झोप उडवली आहे ते आधी सांगते. पुण्यातल्या बायकांच्या एका गायनवृंदासाठी जात्यावरच्या ओव्या तीन आवाजांत बांधते आहे. मुळशीकडच्या एका गावात माझ्या आतेसासूबाई राहतात, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना विचारून त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या. त्याआधी दोन महिने हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगाव फिरून जमवलेला संग्रह ऐकत होते. एक लाखाहून जास्त ओव्या आहेत त्यात, पारीच्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) संकेतस्थळावर त्यातल्या कितीतरी ऐकता येतात. मी ऐकल्या त्या बहुतेक चालींचा पल्ला लहान होता, चार-पाच स्वरांचा. तेवढ्यात बाई अख्खं आयुष्य सांगते.

आतेसासूबाईंची चालही तशीच. मंद्रातला कोमल निषाद, षड्ज, रिषभ, कोमल गंधार, मध्यम. पंचम नाही, धैवत नाही. पहिल्या खर्ड्यात मी चालीखाली पंचम आणून सा-ग-प असा मायनर कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या तीन स्वरांचा गट, दिला. बायकांनी गायला, गोडही लागला, पण त्याचं आतेसासूबाईंच्या आवाजाशी काही नातंच उरलं नाही. कुठल्याही देशातलं, कुठल्याही प्रार्थनेतलं गाणं झालं असतं ते. त्या तालमीनंतर घरी येऊन मी खूप वेळ नुसती बसून होते.

मग ठरवलं, चालीबाहेरचा एकही स्वर घ्यायचा नाही. मांडून पाहिलं तर या पाच स्वरांत पूर्ण त्रिस्वर एकच निघतो: कोमल नी, रे, म. म्हणजे निषादावरचा मेजर कॉर्ड. षड्जावर काहीच पूर्ण होत नाही. जिथे घर म्हणावं तिथे आवाज अर्धवट, आणि भरलेला कॉर्ड घराच्या बाहेर. ओव्यांत माहेर किती वेळा येतं ते तुम्हाला ठाऊक आहे. मला वाटलं, हे त्या चालीनेच मला सांगितलं.

आता अडलंय ते असं. प्रत्येक ओळीच्या शेवटाला मध्यमावर आवाज लांबतो. तिथे मोकळं वाटतं म्हणून खालच्या दोन आवाजांना मी हलती ओळ दिली आहे. ती काही केल्या बसत नाही. दोनदा बदलली, तरीही.

यमनचं काम उद्या-परवा लिहिते.


सुरपेटी | ११ जानेवारी

वाचतेय. ‘घर अर्धवट’ वाचून थांबले. यमनचं लवकर लिही गं.


जात्याची_घरघर | १२ जानेवारी

ताई, कॉर्ड वगैरे मला कळत नाही, पण जातं कळतं. आम्ही भोर तालुक्यातले. आई पहाटे दळायला बसायची आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपायचो, म्हणजे ओव्या मी कानाने कमी आणि अंगाने जास्त ऐकल्या आहेत.

तुम्ही म्हणता तो लांबलेला स्वर. आई उजव्या हाताने खुंटा ओढायची आणि डाव्या हाताने वैरण, म्हणजे दळायच्या धान्याची मूठ, घालायची. मूठ जात्याच्या तोंडात रिकामी होईपर्यंत ओढ मंदावते. ओवीची ओळ नेमकी तिथे लांबते. मूठ संपली की वरची पाळू (जात्याचा वरचा दगड) पुन्हा लयीत येते आणि पुढची ओळ सुरू होते. काकू सोबत असली तर आईची ओळ जिथे संपे तिथून काकू उचलायची. तेवढ्या वेळात गाणं थांबलेलं असे, घरघर मात्र चालूच.

तुम्ही तिथे काहीतरी हलतं ठेवलं आहे. आमच्या घरात त्या जागी सगळं मंद व्हायचं.


मंद्रपंचम | १२ जानेवारी

दादा, तुमचा प्रतिसाद दुपारी वाचला आणि हलती ओळ सरळ पुसून टाकली. ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकलं. आतेसासूबाई अंगणात खुर्चीवर बसून गात होत्या, समोर जातं नव्हतं, तरीही त्यांचा डावा हात प्रत्येक ओळीच्या शेवटी मांडीवरून उचलला जात होता. चित्रफितीत स्पष्ट दिसतं. मी सहा वेळा पाहिली होती आणि मला ते दिसलं नव्हतं.

आता तिथे फक्त सर्वांत खालचा आवाज, तोंड मिटून, षड्जावर. बाकी काही नाही. आणि दुसरी ओळ दुसऱ्या गटाला दिली आहे, तुमच्या काकूंसारखी.


शेवटची_रांग | १४ जानेवारी

मंद्रपंचम, एक म्हातारा सल्ला देतो, मनावर घे. मी मुंबईत ग्रूप व्हायोलिनमध्ये बावीस वर्षं वाजवलं. कायम मागच्या रांगेत, सेकंड व्हायोलिन.

आमच्या पुढ्यात ज्यांचे कागद यायचे ते बरेचसे गोव्याचे. पोर्तुगीज काळापासून तिथल्या चर्चच्या शाळांत मुलांना सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवत. ती मुलं पुढे मुंबईच्या हॉटेलांत, मूकपटांच्या पडद्यापुढच्या वादकांच्या खड्ड्यांत आणि मग स्टुडिओत आली. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसोझा लिहीत. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड ही नावं आमच्यात आदराने घेतली जायची. अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्याचे, १९२७ चा जन्म. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७ साली चित्रपटातल्या गाण्यात गुरूचं नाव गुंफून गेले, ते सगळ्यांना माहीत आहे. कमी जणांना माहीत आहे ते हे, की १९५८ मध्ये गोन्साल्विस यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात मोठा वाद्यवृंद उभा केला, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना गायला बोलावलं आणि राग सिंफनी वाद्यवृंदासाठी लिहून दाखवला. तू ओवीशी जे करते आहेस त्याच वाटेवरचं ते काम. आपल्या मराठीत अनिल मोहिले होते, स्वतः व्हायोलिनवाले, त्यामुळे कागदावर लिहिलेलं बोटांना जमेल की नाही हे त्यांना आधीच कळे.

आता सल्ला. आमच्याकडे टेक ओके झाला की कागद स्टँडवर सोडून आम्ही पुढच्या स्टुडिओकडे पळायचो. संध्याकाळी झाडू मारताना ते जायचे. मी चाळीसएक कागद घरी आणले होते, अजून ट्रंकेत आहेत. फक्त सेकंड व्हायोलिनचे. नातवाने मागे विचारलं, आजोबा हे कुठलं गाणं? मी वाजवून दाखवलं आणि मलाही ओळखता येईना. मधल्या आवाजाची ओळ एकटी काही सांगत नाही. त्याच्या वर काय होतं, खाली काय होतं, ते गेलं.

म्हणून पूर्ण स्कोअर, म्हणजे सगळ्यांच्या ओळी एकत्र असलेला कागद, ठेव. प्रत्येक पानावर तारीख, गाणाऱ्या बाईचं नाव, पट्टी आणि कुठल्या तालमीनंतर काय बदललं ते लिही. पुसलेली हलती ओळसुद्धा ठेव.


मंद्रपंचम | १५ जानेवारी

काका, ट्रंकेतले कागद मला बघायला मिळतील का? व्यनि करते. तुम्ही बोलाल तेव्हा येईन, गाण्याची नावं आपण मिळून शोधू. दुसऱ्या व्हायोलिनची ओळ आणि मूळ ध्वनिमुद्रण शेजारी ठेवलं तर निदान काही गाणी सापडतील.

आता यमन. बालकवींच्या एका कवितेला मी चाल लावली आहे. एक गायिका आणि स्ट्रिंग क्वार्टेट: दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो. पियानो नाही, गिटार नाही, तालवाद्यही नाही.

यमन दिसायला सोपा. सगळे स्वर शुद्ध, मध्यम तेवढा तीव्र. पण हार्मनीला हात घातला की पहिल्याच पायरीवर अडतं. पाश्चात्त्य गाणं घरी परततं ते पंचमावरच्या चार स्वरांच्या सेव्हन्थ कॉर्डवरून. तो कॉर्ड पुरा व्हायला शुद्ध मध्यम लागतो. यमनात तो नाही. घेतला तर त्या क्षणी राग गेला. सिनेमातली कितीतरी सुंदर गाणी तो घेतात आणि ते गाण्याला शोभतं, पण मला या कवितेत राग सांभाळायचा आहे.

दर बुधवारी मी एका निवृत्त ऑर्गनवादक बाईंकडे काउंटरपॉइंट, म्हणजे एका ओळीसमोर दुसरी ओळ रचणं, शिकते आहे. योहान योसेफ फुक्स यांनी १७२५ साली बांधून दिलेली तीच पाच पायऱ्यांची पद्धत: आधी स्वराला स्वर, मग एकाला दोन, एकाला चार, मग अडकून राहिलेले स्वर, शेवटी सगळ्यांचं मिश्रण. नियम कडक. षड्ज आणि तीव्र मध्यम एकत्र आले की लाल रेघ. मी बाईंना म्हटलं, यमनात षड्ज तर तंबोऱ्यात सतत वाजत असतो, मग तीव्र मध्यम लागतो तेव्हा दर वेळी हीच ‘चूक’ घडते आणि तिच्यासाठीच आम्ही यमन ऐकतो. त्यांनी पेन खाली ठेवलं, मला दोनदा ‘म ध नी सां’ गायला लावलं आणि मग म्हणाल्या, ‘नियम पाठ कर, पण या स्वराला शिक्षा करू नकोस.’ तेव्हापासून त्या मला अभ्यासाला यमनाच्याच ओळी देतात.

सध्याचा मार्ग असा: खाली चेलोचा षड्ज धरून ठेवायचा, वर रे-तीव्र म-ध हा रिषभावरचा मेजर उभा करायचा, आणि परतताना ‘नी रे सा’ या ओळीवरच विसंबायचं. शेवटी फक्त सा आणि प. गंधार सर्वांत उशिरा, व्हिओलाने, हळूच.

प्रश्न पट्टीचा आहे. गायिका काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून, गाते. क्वार्टेट त्या पट्टीत कोंदटलेलं वाजतं.


कंपलचा_चेलो | १६ जानेवारी

पणजीहून. तुमचा धागा पहिल्या दिवसापासून वाचतो आहे. ताई, पट्टीचं उत्तर तारांत आहे.

काळी चार म्हणजे आमच्या भाषेत ए फ्लॅट. त्या पट्टीतल्या यमनाला तीन फ्लॅट (अर्धा स्वर उतरवलेले स्वर) लागतात. आमच्या मोकळ्या तारांपैकी सी हा तुमचा गंधार होतो, जी निषाद, डी तीव्र मध्यम. म्हणजे जे स्वर तुम्ही सर्वांत जपून लावणार तेच मोकळ्या तारेवर येतात, आणि मोकळ्या तारेवर बोट नसतं, त्यामुळे तो स्वर किंचितही वर-खाली करता येत नाही. षड्ज आणि पंचम, ज्यांनी घुमायला हवं, त्यांना मोकळी तारच नाही. कोंदट वाजणारच.

गायिकेला फक्त अर्धा स्वर खाली, पांढरी पाचमध्ये आणा. मग व्हायोलिनच्या चार मोकळ्या तारा बघा: जी षड्ज, डी पंचम, ए रिषभ, ई धैवत. चारही तारा यमनात. ज्या तारेला धनुष्य लागलेलंही नाही तीही मागे घुमत राहील. एकच धोका: माझी आणि व्हिओलाची सर्वांत खालची सी तार शुद्ध मध्यम होते. ती मोकळी वाजली की तुम्ही म्हणता तसा राग गेला. आमच्या कागदावर ते ठळक लिहा.

आणि पियानो घेतला नाहीत हे फार चांगलं केलंत. तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणारा स्वयंभू गंधार पियानोच्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट खाली असतो, शंभर सेंटचा अर्धा स्वर धरला तर. चौघे तंतुवादक एकमेकांचं ऐकत वाजवू लागले की गंधार आपोआप तिथेच जाऊन बसतो. पियानो असता तर आम्हाला त्याच्यामागे जावं लागलं असतं.

वादक अजून ठरले नसतील तर मी यायला तयार आहे. लहानपणी पॅरिशमध्ये मेस्तांकडे (चर्चच्या संगीतशिक्षकांकडे) शिकलो, पुढे कला अकादमीत. मराठी गाणं आईमुळे कानात आहे. आजवर दोन्ही एकाच स्टँडवर कधी आलं नव्हतं.


मंद्रपंचम | १६ जानेवारी

या, नक्की या. मी आज रात्रीच सगळं पांढरी पाचमध्ये उतरवते आहे. गायिकेने फोनवर गाऊन पाहिलं, म्हणाली खालचा निषाद जरा दबतो पण तार सप्तकात श्वास पुरतो. तेवढं चालेल.


सुरपेटी | १७ जानेवारी

मोकळ्या तारांचं गणित आज पहिल्यांदा समजलं. वनराज भाटिया आठवले. लंडनला रॉयल अकादमीत शिकले, पॅरिसला नादिया बुलांजे यांच्याकडे, आणि परत येऊन श्याम बेनेगलांच्या चित्रपटांना संगीत दिलं. दोन्ही भाषा अस्खलित येणारा माणूस. त्यांच्यावर मराठीत कुणीतरी सविस्तर लिहायला हवं.


कायद्याची_वही | १९ जानेवारी

रुक्ष वाटेल, पण हे आत्ताच करून ठेवा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एखाद्या संगीतकृतीची नवी मांडणी किंवा संयोजन हे ‘रूपांतर’ धरलं जातं. म्हणजे जुन्या भावगीताचं क्वार्टेटसाठी संयोजन करायचं तर हक्कधारकाची परवानगी लागते. बालकवी १९१८ साली गेले, त्यांच्या शब्दांचा प्रश्न नाही. मृत्यूनंतर साठ वर्षांची मुदत केव्हाच संपली. बहिणाबाई १९५१ ला गेल्या आणि कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपात आल्या, त्यामुळे तिथे साठ वर्षं प्रकाशनापासून मोजायची. तीही २०१२ अखेर संपली. चाली मात्र वेगळ्या, त्या ज्यांच्या त्यांच्या.

ओव्या परंपरेच्या आहेत, पण तुमच्या आतेसासूबाईंनी जे गायलं तो त्यांचा प्रयोग आहे आणि गायक-वादकांना त्यांच्या सादरीकरणावर कायद्याने हक्क आहे. तो पन्नास वर्षं टिकतो. तोंडी होकार पुरेसा समजू नका. मराठीत साधं पत्र करा, वाचून दाखवा, त्यांचं नाव कार्यक्रमपत्रिकेवर आणि ध्वनिमुद्रणावर घाला, आणि पैसे आले तर त्यांचा वाटा किती तेही लिहा.


मंद्रपंचम | १९ जानेवारी

रुक्ष अजिबात नाही. वाट्याचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, यायला हवं होतं. पुढच्या रविवारी पत्र घेऊन जाते.


चौथा_बार | २ फेब्रुवारी

कॅलिफोर्नियातून. आमच्या मराठी मंडळात अठरा बायका-मुलींचा गायनवृंद आहे, निम्म्या इथेच जन्मलेल्या. ओव्यांचे कागद आम्हाला मिळतील का? मुली स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी) झरझर वाचतात, अडतात ते उच्चारांत. ‘ळ’ आणि ‘चार’मधला च आणि ‘चमचा’मधला च यांतला फरक रोमन लिपीतून कळतच नाही. दुसरं, शाळेच्या कॉयरमध्ये शिकलेला गोल, थरथरता आवाज ओवीला लावला की ओवी राहत नाही. त्यांना काय सांगू?

आणखी एक, तांत्रिक. स्वरलिपी लिहायचं फिनाले हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर सावध. ऑगस्ट २०२४ मध्ये कंपनीने ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. माझ्या जुन्या फायली मी म्यूझिक-एक्सएमएलमध्ये काढून म्यूझस्कोरमध्ये आणते आहे. शेवटची_रांग काकांनी ट्रंकेबद्दल लिहिलं ते वाचून त्याच रात्री बसले.


मंद्रपंचम | ३ फेब्रुवारी

कागद पाठवते, अट एकच: आतेसासूबाईंचं नाव माझ्या नावाच्या वर. उच्चारांसाठी प्रत्येक ओळ मी संथ बोलून मुद्रित करते, देवनागरीतही देते. मुलींना दोन महिन्यांत लिपी येईल, येऊ दे. आणि आवाजाबद्दल: त्यांना आधी कागद देऊच नका. मूळ ध्वनिमुद्रण ऐकवा आणि दोघींना समोरासमोर जमिनीवर बसवून, मध्ये उलटी परात ठेवून, हात फिरवत गाऊ दे. आमच्या वृंदात हेच केलं. हात फिरायला लागला की आवाज कुठून काढायचा हे वेगळं सांगावं लागलं नाही.


शेवटची_रांग | २० फेब्रुवारी

मंद्रपंचम रविवारी येऊन गेली. चाळीसातली अकरा गाणी सापडली. एका कागदाच्या मागे माझ्याच अक्षरात किराण्याची यादी होती आणि पुढच्या बाजूला, आता कळलं, रूपक तालातला एक अंतरा. त्यावरून आठवलं म्हणून लिहितो: रूपक लिहिशील तेव्हा सात मात्रांचा बार, म्हणजे कागदावरचा एक खण, करशील आणि वादक सवयीने पहिल्या मात्रेवर जोर देतील. रूपकात समेवरच, म्हणजे पहिल्या मात्रेवरच, ‘खाली’ (बिनजोराची जागा) असते. पहिल्या मात्रेवर जोर नको असं कागदावर लिही, नाहीतर सगळा झोल उलटा पडतो.


जात्याची_घरघर | ८ मार्च

ताई, ओव्या कुठवर आल्या? आईला मोबाइलवर ऐकवायच्या आहेत.


मंद्रपंचम | ९ मार्च

दादा, काल तुमचीच आठवण काढली. आतेसासूबाईंना तालमीचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. पहिली ओवी संपेपर्यंत काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘लई घाई. एवढ्या वेगानं दळलं तर पीठ जाडं येतंय.’ मी मिनिटाला ७२ ठोके लिहिले होते. त्यांनी स्वतः हात फिरवून दाखवला, मी मोजलं, ५८ भरले. वैरणीच्या जागेचा षड्ज मात्र त्यांना पसंत पडला. ‘हितं बरोबर थांबल्यात’ म्हणाल्या. ते श्रेय तुमचं आहे, कागदावर तसं लिहिलं आहे. पत्रावर त्यांनी सही केली आणि वाट्यातून नातीला पेटी घेऊन द्यायची म्हणतात.

चेलोवाले दादा २१ तारखेला पणजीहून येत आहेत, त्या दिवशी सकाळी यमन, दुपारी ओव्या. नवे कागद आज रात्री चढवते, पहिल्या पानावर ५८ बघून घ्या आणि जुने फेकू नका, तारीख घालून बाजूला ठेवा. खालच्या आवाजातल्या सगळ्यांनी चौदाव्या बारमध्ये श्वास पाळीपाळीने घ्यायचा, सगळ्यांनी एकदम नाही. तिथे घरघर तुटता कामा नये. पेन्सिली घेऊन या.